ताईच्या नावाचं पाकीट

हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. आईजवळ नाही, आणि ताईजवळ तर नाहीच. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं. तसं काही होत नाहीये. सकाळपासून दोनदा बसले आणि उठले.

मुळात काय सांगायचं आहे, तेच मला नीट धरता येत नाही. मी खोटं बोलले, एवढं नक्की. पण जे बोलले ते कदाचित खरंही असेल – मग ते खोटं कसं? आणि खरं असेल, तर मला दोन वर्षं ते का डाचतंय? मी आमच्या घरातली पहिली कॉलेजात गेलेली मुलगी. घरात कोणाला काही अडलं की माझ्याकडे बघतात. मला सगळं समजतं असं त्यांना वाटतं. खरं तर मला फार थोडं समजतं.

ताईपासून सुरू करते.

ताई माझ्याहून चार वर्षांनी मोठी. दहावीनंतर तिची शाळा सुटली आणि मग लग्न झालं – गोंदियाकडच्या एका गावात. पहिल्या बाळंतपणाला ती सातव्या महिन्यात आमच्याकडे रायपूरला आली. आमच्याकडे तसंच असतं. पहिलं बाळंतपण आईच्या हातचं. आई ताईच्या लग्नापासून त्याची वाट बघत होती म्हटलं तरी चालेल. तिनं जुन्या सुती साड्या धुऊन बाळाच्या गोधड्यांसाठी वेगळ्या काढल्या होत्या, डिंक आणून डब्यात भरून ठेवला होता. बाबा सिलतऱ्याच्या एका कारखान्यात ठेक्यावर काम करतात, आई दोन घरी स्वयंपाकाला जाते. फार काही नव्हतं घरात, पण उपाशी राहावं असंही नव्हतं. हे मुद्दाम सांगते, कारण तुम्ही म्हणाल, मग अडचण काय होती?

अडचण ताईची होती. ती जेवायचीच नाही. म्हणजे बसायची आमच्यासोबत, पण आईनं भात वाढला की अर्धा परत भांड्यात टाकायची. मळमळते म्हणायची. मी ते खरं मानलं. पण एके दिवशी आई कामावर गेली होती, आम्ही दोघी लाल भाजी निवडत होतो, आणि ती मला म्हणाली – इकडे तिकडे बघत, जणू काही चोरीचं बोलतेय – की सासरच्या गावात अंगणवाडीतून तिला दर महिन्याला पाकीट मिळायचं. गहू-चण्याचं भाजलेलं पीठ, साखर घातलेलं. गरम पाण्यात कालवून खायची ती. ते इथं मिळेल का? तू जाऊन विचारशील का?

मी म्हटलं, घरी काय कमी आहे? त्यावर ती जे बोलली ते तिच्याच शब्दांत लिहिते.

"कमी नाई व. पण इथं खाल्लं का वाटते बाबाच्या ताटातलं खाऊन राहिली. ते पाकीट माह्या नावाचं रायते न. कोणी मोजत नाई."

आमच्याकडेही कोणी मोजत नव्हतं. पण तिला तसं वाटत होतं. सासरी असतानाही आपण जास्त खातो अशी तिला भीती असायची, हे मला फार नंतर लक्षात आलं.

स्वतः का गेली नाही? लाज वाटत होती. माहेरी आलेली पोरगी अंगणवाडीत खायला मागायला गेली, तर गल्लीतल्या बाया म्हणतील, मायकेवाले खाऊ घालत नाहीत का? आणि आईच्या कानावर गेलं तर आईला किती लागेल. म्हणून मी जायचं. आईला कळू द्यायचं नाही. मी शिकलेली, मला बोलता येतं.

आता थोडं मागे जावं लागेल, नाहीतर तुम्हाला पुढचं कळणार नाही.

कॉलेजात पहिल्या वर्षी श्रेया नावाची मुलगी माझ्या बाकावर बसायची. तिनं विचारलं होतं, "मराठी हो? फिर तो तात्यापारा में रहते होगे." रायपुरात मराठी म्हटलं की लोकांना तात्यापारा आठवतो – शहराच्या मधोमध, जुनी घरं, पिढ्यान्‌पिढ्या इथे असलेली, शिकलेली माणसं. आम्ही ते मराठी नाही. आमचे आजोबा भंडाऱ्याकडून मजुरीला आले. आमची वस्ती शहराच्या कडेला आहे, तिथे एक बुद्धविहार आहे, एक हातपंप आहे. तात्यापाऱ्यात मी चपला घ्यायला गेले असेन, तेवढंच. पण मी मान हलवली. फक्त मान. तोंडानं काही बोलले नाही. मग ती मान मला दोन वर्षं सांभाळावी लागली. बस स्टॉपवर मैत्रिणी गेल्यावर मी माझ्या बाजूची बस धरायची. कोणी घरी येते म्हणालं की घरात रंगकाम चालू आहे, पाहुणे आहेत, आजी आजारी आहे – आजी तर मला आठवतही नाही.

ताईनं सांगितलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी मी अंगणवाडीत गेले. खरंच गेले. हे कोणीतरी लक्षात घ्यावं असं मला वाटतं, आणि लगेच वाटतं, कशासाठी?

अंगणवाडी आमच्या गल्लीच्या वळणावर आहे. मीही लहानपणी तिथेच खिचडी खाल्ली. तिथली सेविका, आमची दीदी, अजून तीच आहे, केस पिकलेत. ती मला छोटी म्हणते, आणि हाक मारते ती विहारापर्यंत ऐकू जाते. मी दारापाशी पोचले तर आत गर्दी. पोषण महिन्याचा काहीतरी कार्यक्रम होता. डाळी-तांदळाची रांगोळी काढलेली, पपई, मुनग्याची म्हणजे शेवग्याची भाजी, अंडी, मांडून ठेवलेली. भिंतीला टेकून तीन-चार गरोदर बाया तिथलं रोजचं दुपारचं जेवण जेवत होत्या. आणि त्यांच्यासमोर, गळ्यात कॉलेजचं ओळखपत्र घालून, हातात मुनग्याची फांदी धरून – श्रेया. तिच्यासोबत आमच्याच कॉलेजच्या आणखी मुली. कुठल्या तरी अंगणवाडीत जाणार आहेत हे वर्गात ऐकलं होतं. ती अंगणवाडी आमची असेल असं माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. त्या जिथे जातात ती ठिकाणं आणि मी राहते ते ठिकाण, या दोन गोष्टी माझ्या मनात कधी एकत्र आल्याच नव्हत्या.

दीदीची पाठ होती. तिनं वळून बघितलं असतं तर "अरे छोटी" म्हणून ओरडली असती. मी तिथे किती वेळ उभी होते? मला आठवत नाही. फार नसेन. मग मी मागे फिरले. तलावापर्यंत गेले, पानठेल्याजवळ उगाच थांबले, आणि विचारून यायला जेवढा वेळ लागेल तेवढा वेळ गेला असं वाटल्यावर घरी आले.

तेव्हाही मी ठरवलं नव्हतं. मी ताईला सांगणार होते की गर्दी होती, उद्या जाते. खरंच हेच सांगणार होते. पण ती दारातच उभी होती, पोटावर हात ठेवून, आणि मला बघून तिचा चेहरा असा झाला की – मला वाटलं, गर्दी म्हटलं तर ती विचारेल कसली गर्दी, मग ती स्वतः बघायला जाईल, मग श्रेया, मग दीदी, मग –

मी म्हटलं, "नाई देत म्हणे. तुझं नाव तिकडचं आहे न. दुसऱ्या राज्याचं इथं कम्प्यूटरमध्ये चढत नाई."

कम्प्यूटर कुठून आला? कोणी शिकवलं मला? इतकं अस्सल वाटलं ते, की बोलताना मलाच खरं वाटलं. तिनं विचारलं, दीदीलाच विचारलं का? मी हो म्हटलं. त्यावर ती हसली. म्हणाली, बरं झालं तू गेली, मी गेली असती तर उगाच तोंड पाडून परत आली असती.

दुसऱ्या दिवशी श्रेया तिथे नव्हती. तिसऱ्या दिवशीही नव्हती. मी कधीही जाऊन विचारू शकत होते. गेले नाही, कारण गेले आणि मिळतं असं कळलं, तर काल विचारलं ते काय, हे सांगावं लागलं असतं. म्हणून मी पेपर जवळ आले म्हणत अभ्यासाला बसले. अभ्यासाचा विषय काय होता सांगू? सोडा. गरोदर बायांचा आहार म्हटलं तर तुम्हाला बनाव वाटेल.

आठवा लागला तेव्हा भाऊजी भेटायला आले, आणि ताई म्हणाली, मी यांच्यासोबत जाते. आई पोळी लाटत होती, तिचा हात थांबला. काहून व, म्हणाली. ताई म्हणाली, तिकडे बरं वाटते. बस, एवढंच. आईनं पुन्हा विचारलं नाही. आई अशीच आहे, एकदा विचारते. पण त्या दिवसापासून तिच्या मनात एकच आहे – माझ्या पोरीला माझं घर पुरलं नाही. गल्लीतल्या बाया विचारायच्या, काय, पहिलं बाळंतपण आणि पोरगी गेली? आई म्हणायची, सासूनं बोलावलं.

स्टेशनवर मी बॅग धरून होते. गाडी हलायच्या आधी ताई खिडकीतून हळूच म्हणाली, "पाकिटाचं आईले नको सांगजो." मी मान हलवली.

मुलगी झाली. वजन कमी भरलं, काही दिवस दवाखान्यात ठेवावं लागलं. आता ती पळते, शिव्या शिकली आहे, सगळं ठीक आहे. ते वजन माझ्यामुळे कमी होतं का? मला माहीत नाही. एक पाकीट, दुपारचं एक जेवण – त्यानं किती फरक पडतो? सासरी परत गेल्यावर तर तिला पाकीट मिळालंच असेल. मग मी नेमकं काय हिरावलं? मी हा हिशेब अनेकदा करून पाहिला, आणि प्रत्येक वेळी वेगळं उत्तर येतं. कधी काहीच नाही. कधी सगळं.

बाळ घरी आल्याचं कळल्यावर मी अंगणवाडीत गेले. उशीर झाला होता, पण मला खात्री करून घ्यायची होती. खरं सांगू का, मला हवं होतं की दीदीनं म्हणावं, नाही मिळत. मी गोष्ट मैत्रिणीच्या बहिणीची म्हणून सांगितली. दीदीनं डोकं खाजवलं. म्हणाली, नियम बदलत राहतात, तिलाही पक्कं माहीत नाही, सुपरवायझर मॅडमला विचारावं लागलं असतं, तिकडच्या गावात फोन लावावा लागला असता. माझ्या छातीवरचं ओझं उतरायला लागलं होतं. मग ती म्हणाली, "पर पेट से है न बेटी, ले आती. पाकिट का बाद में देखते. खाना तो उसी दिन बिठा के खिला देती मैं."

मी हो म्हटलं आणि घरी आले.

आई बारशाला गेली आणि त्याच दिवशी संध्याकाळच्या गाडीनं परत आली. गोधड्या देऊन आली. आता आई आणि ताई फोनवर पाऊस आणि भाज्यांबद्दल बोलतात.

हे सगळं इथे संपलं असतं तर कदाचित मी लिहिलंही नसतं. जुनी गोष्ट म्हणून सोडून दिली असती. पण गेल्या आठवड्यात ताईचा फोन आला, माझ्या नंबरावर. तिला पुन्हा दिवस गेलेत. आईनं भाऊजींकडून निरोप पाठवला होता, ह्या वेळी तरी इकडे ये. ताई म्हणाली, यावंसं तर वाटते, पण तिकडे पाकीट नाई भेटत न, तू तर विचारलंच होतं. मग हसून म्हणाली, आमच्या गावची एक पोट्टी रायपूरले मायके चालली होती, तिलेही मी सांगतलं, जाऊ नको, माही बहीण कॉलेजात शिकते, तिनं स्वतः विचारलं.

ती पोट्टी कोण, मला माहीत नाही. गेली की राहिली, तेही विचारलं नाही.

आई समोरच बसून कणीक मळत होती. तिनं हातानं खूण केली – येते का म्हणते?

ह्या वेळी श्रेया नव्हती. तात्यापाऱ्याचंही काही राहिलेलं नाही, कॉलेज संपत आलंय, कोण कुठे राहतं याचं कोणाला काही पडलेलं नाही. कोणीही माझ्याकडे बघत नव्हतं. मला फक्त एवढंच म्हणायचं होतं, ताई, ये, मी दीदीशी बोलले आहे.

मी म्हटलं, "हो न, नाई भेटत."

आणि फोन ठेवून आईला सांगितलं, भाऊजी पाठवत नाहीत म्हणे.

आईला ते खरं वाटलं.