राखेने घासलेले दगड

मुंबईला बंदराजवळ काचेच्या पेट्यांतून शोभेचे मासे विकणाऱ्या एका माणसाने मला फसवले. माझ्या हातून त्याने माझ्या थोरल्या बहिणीलाही फसवले, हे जास्त वाईट.

आई गेल्यावर बहिणीनेच मला वाढवले; मी तिला बाई म्हणायचो. आमच्या इंझोरी गावाहून डोक्यावर भाजीची टोपली घेऊन ती बाजारोबाजार फिरायची. भाव कुठे धरून ठेवायचा आणि कुठे पाडायचा, हे मी त्या टोपलीमागे बसून शिकलो. पुढे वाशीमला माझी कापसाची दलाली जमली. बाईला एकदा समुद्र पाहायचा होता. मी दरवर्षी म्हणायचो, हंगाम सरू दे. मग तिचे पाय सुजले, चार पावलांत धाप लागू लागली. अकोल्याच्या डॉक्टरने मला बाजूला घेऊन सांगितले की आता हिला गाडीत बसवू नका. ती पुढची दिवाळी पाहील, असेही तो म्हणाला नाही.

तेव्हा समुद्रच घरी आणायचा, असे मी ठरवले.

मासेवाल्याने काचेची पेटी, पिंपांतून खारे पाणी, समुद्रातले दगड, सात मासे आणि स्वतःची महिनाभराची मजुरी, असा सगळ्याचा मिळून भाव सांगितला.

"महिनाभर कायले?" मी विचारले.

"पाण्याकडे बघायला, शेट."

"आमच्या विहिरीतल्या पाण्याकडे तं कोणी बसून पाहत नाही."

तो नुसता हसला. भाव फुगवायला असले काहीतरी जोडलेले असतेच. ते ओळखण्यातच माझी हयात गेली. मी मजुरी कापली. तो म्हणाला, "जशी तुमची मर्जी."

पिंपे घेऊन तो वाशीमला उतरला. वाटभर सायकलच्या पंपाने माशांच्या डब्यांत हवा भरत आला होता. दगडांवर बुळबुळीत हिरवट थर होता आणि वास असा की आजाऱ्याच्या खाटेजवळ ठेवायची सोय नव्हती. माझ्या बायकोने ते काथ्याने, चुलीतल्या राखेने खसखसून घासले, विहिरीच्या पाण्याने धुतले आणि उन्हात वाळवले. आमच्याकडे घागर, कळशी, सगळे असेच लख्ख करतात. मासेवाला ओट्यावर चहा पीत ते बघत बसला होता. एक शब्द बोलला नाही. दुपारी पेटी भरून त्याने सातही मासे एकदम सोडले, पंपाची नळी माझ्या हाती दिली आणि संध्याकाळच्या गाडीने गेला.

बाईने बोट बुडवून जिभेला लावले. "खारटच हाय की रे."

"मंग काय मी मीठ कालवून फसवलं तुले?"

"तुहा काय भरोसा बापू, तू देवालेही भाव पाडून मागशीन."

दोन दिवस ती हसत होती. तिसऱ्या दिवशी पाणी पीठ कालवल्यासारखे झाले. एक निळ्या पट्ट्यांचा मासा कुशीवर पडून धापा टाकू लागला. अगदी तिच्यासारख्या. उरलेले पिंप ओतले, रात्रंदिवस पंप मारला. रोज एक जात होता. मी पेटीवर धोतर टाकायला गेलो तर तिने हात धरला.

"राहू दे. मरून राह्यले बिचारे. कोणी पाहाले तं पाहिजे."

शेवटचा गेला तेव्हा ती भिंतीकडे वळली. "मले कायले दाखवलं हे?" एवढेच म्हणाली. नंतर समुद्राचे नाव तिने काढले नाही.

मी त्याला शिव्यांनी भरलेले पत्र लिहिले. उत्तराचे कार्ड आले. नव्या पेटीत महिनाभर एखाददुसरा चिवट मासा ठेवून वाट पाहावी लागते, दगडांवरचा तो थरच पाणी निर्मळ ठेवतो, आणि हे सगळे त्या मजुरीत होते. मजुरी आपण कापलीत.

कापली. नाही म्हणत नाही. पण कापूस ओला असेल तर मी गिऱ्हाइकाला ओला म्हणून सांगतो, त्याने भाव कितीही पाडलेला असो. काम करू नकोस, पण तोंड उघडायला काय लागत होते? दगड घासू नका, मासे महिन्याने न्या. दोन वाक्ये.

मासे गेल्यावर बाई अडीच महिने जगली. म्हणजे तो महिना तिच्याजवळ होता. पाणी तयार झाले असते, मासे आले असते, आणि भिंतीकडे तोंड करून काढलेले दिवस तिने त्यांच्याकडे पाहत काढले असते.

तो ओट्यावर बसला होता तेव्हा आत खाटेवर कोण आहे, हे त्याला ठाऊक होते. तिने आतूनच हाक मारून त्याला भाकर खाऊन जा म्हटले होते. ते ऐकूनही तो गप्प का बसला, याचे उत्तर त्याने मला द्यावे. कार्डावर नको. माझ्या दारात उभे राहून, तोंडाने द्यावे.