नेपाळला निघालेली यंत्रं आणि वाडीचे खोके

कोल्हापूरहून निघालेली गाडी नागपूरला पोचली तेव्हा माझ्या पाठीचा पार भुगा झाला होता. धाकटा भाऊ सुभाष मका सोलायची हातयंत्रं बनवतो. त्याला पहिल्यांदाच परदेशी गिऱ्हाईक मिळालं होतं, नेपाळचं. चीन आपल्याला खेळण्यांपासून पंख्यांपर्यंत सगळं विकतो आणि आपण त्याला काही विकायचं म्हटलं की हात चोळत बसतो, हे रडगाणं मी टपाल खात्यातून निवृत्त झाल्यापासून रोज पेपरात वाचतो. त्यामुळे आपल्या घरचा माल सरहद्दीपार चाललाय म्हटल्यावर छाती फुगली होती. पण ट्रक बदलायला उतरवलेला माल नागपूरच्या गोदामातच अडकला. वेळेत आला नाही तर चिनी यंत्रं घेईन, असं नेपाळच्या व्यापाऱ्यानं बजावलं. सुभाषला कारखाना सोडवेना, म्हणून मी निघालो.

स्टेशनबाहेर तर्री पोहे (हरभऱ्याचा झणझणीत रस्सा ओतलेले पोहे) खाल्ले. कोल्हापूरकर असल्याच्या ऐटीत जास्तीची तर्री मागितली आणि नाकाडोळ्यांतून पाणी वाहू लागलं.

"पाणी देऊ का, काकाजी?" गाडीवाल्या बाईनं विचारलं. नको म्हणालो, तिथेच चुकलो.

अमरावती रस्त्यावरची वाडी म्हणजे गोदामांचं गाव. ट्रकांच्या गर्दीत रिक्षा अडकली ती अडकलीच. शेवटी धूळ खात पायीच गेलो. गोदामात आमची बारदानात शिवलेली यंत्रं कुठे दिसेनात. मुनीम धनराज यांनी मोठ्या कौतुकानं एका थप्पीकडे बोट दाखवलं. चकचकीत खोके, प्रत्येकावर मिक्सरचं चित्र, चिनी अक्षरं आणि खाली ठळक 'मेड इन चायना'.

"हे काय?"

"तुमचाच माल हाय जी. बारदानात हँडल वाकून जाते. म्हणून मजबूत खोक्यात भरून टाकला. पैसे बी नाही घेतले."

त्या गोदामात रिकामा झालेला दणकट खोका कुणी फेकत नाही. गरीब बांधणीचा माल आला की त्याला तो चढवायचा, ही तिथली माणुसकी! मी कपाळावर हात मारला.

"अहो, कागदावर भारतीय माल आणि खोक्यावर चीन! सीमेवर अडवतील की!"

"कायले तापून राहिले, काकाजी? वरून तिरंग्याचं स्टिकर लावून देतो ना."

मी असा ओरडलो की हमाल चहा ठेवून उठले. जुनं बारदान कुणीतरी कधीच विकलं होतं. नवी पोती आणली, दाभण शोधलं, सुतळी संपली, पुन्हा आणली. नेपाळच्या सीमेवरच्या रक्सौलकडे निघालेला ट्रकवाला भोंगा वाजवून जीव खात होता. धनराज शेवटपर्यंत पुटपुटत होते, "आता हँडल वाकलं तं मले नका बोलू." शेवटचं पोतं चढलं तेव्हा अंधारून आलं होतं आणि माझी दोन बोटं दाभणानं भोसकली होती.

घरी आल्यावर काही दिवसांनी नेपाळहून फोन आला. माल सुखरूप उतरला होता, एकही हँडल वाकलं नव्हतं आणि व्यापाऱ्याला आणखी यंत्रं हवी होती. सुभाषचे डोळे भरून आले. मीही गहिवरलो आणि कारखान्यातल्या पोरांपुढे भाषणच ठोकलं, की बाबांनो, असंच एकेक यंत्र गेलं तर शेजाऱ्यांशी आपला हिशेब एक दिवस नक्की बरोबरीत येईल.

"दादा, तेवढं सरकता का? बेअरिंगं काढायचीत," सुभाष म्हणाला.

मी ज्या खोक्यावर टेकून बोलत होतो तो त्यानं ओढला. त्यावर तीच अक्षरं होती, वाडीत दिवसभर मी ज्यांच्या नावानं शंख केला ती.

"आपल्या यंत्रात हे?"

"प्रत्येक यंत्रात. इकडची घातली तर नेपाळवाल्याला भाव परवडत नाही. त्यानं जेवढी यंत्रं जास्त मागितली, तेवढी ही जास्त मागवायची."

मला भयंकर राग आला, आणि ओरडायला समोर धनराज मुनीमही नव्हते.