घाई नसलेला हात

दिवाळीनंतरच्या थंडीत सदर भागातल्या माझ्या ऑफिसातल्या मैत्रिणीची बदली झाली आणि तिचा साप माझ्याकडे आला. कॉर्न स्नेक. परदेशी जातीचा, बिनविषारी, पाळण्याचे कागद रीतसर माझ्या नावावर करून घेतलेले. पेन्सिलीएवढा जाड, जेमतेम फूटभर लांब, नारिंगी. अंड्यातून निघून त्याला दोन महिनेही झाले नव्हते.

घरात आम्ही दोघंच होतो, बाबा आणि मी. बाबांचं आयुष्य कळमन्याच्या बाजारात संत्र्यांच्या बोल्या लावण्यात गेलेलं. त्याच्या वर्षभर आधी त्यांना लकवा झाला होता. डावा हात गेला तो गेलाच, आणि समोरच्या खोलीतला पलंग हेच त्यांचं घर झालं. उबेचा दिवा लावायची सोय त्याच खोलीत होती, म्हणून सापाचा डबाही पलंगाशेजारच्या टेबलावर आला.

"मक्याचा साप?" नाव ऐकून बाबा म्हणाले. "मका खाते काय?"

"नाही बाबा. उंदराची पिल्लं."

"कुठी ठेवशीन थे?"

"फ्रीजमध्ये. वेगळ्या डब्यात, बर्फात."

पुढे आठवडाभर त्यांनी फ्रीजमधल्या दह्याला तोंड लावलं नाही.

पिल्लू भारी तिखट होतं. हातात घ्यायला गेलं की मान मागे घ्यायचं, शेपटी थरथरवायचं आणि सटकन चावायचं. दुखायचं फारसं नाही, टाचणी लागल्यासारखं. पण माझा हात आपोआप मागे यायचा. मैत्रिणीला फोन केला. ती म्हणाली, "दहा दिवस हातच लावू नकोस. नुसतं पाणी बदल. घराची सवय होऊ दे त्याला." दहा दिवस कळ काढली. अकराव्या दिवशी पुन्हा चावलं. मी तिथेच खुर्चीत बसून रडकुंडीला आले.

बाबा दिवसभर दुसरं काय करणार, त्या डब्याकडेच बघत असायचे. लकव्यानंतर त्यांचं बोलणं जड झालं होतं. सावकाश म्हणाले, "काहून वं, वरून हात टाकतं त्याच्यावर? लेकरू हाय थे. वरून येते थे सारं त्याले खायलेच येते. अन् चावलं का तू हात ओढतं. मंग त्याले वाटते, चावलं का हे जाते."

मला पटलं. पण माझ्या हाताला पटत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाबा म्हणाले, "माहा डावा हात ठेव आत. या हाताले कुठी जायची घाई नाही."

मी नाही म्हटलं. त्यांनी हट्ट धरला. शेवटी त्यांचा हात साबणाने धुतला, पुसला, आणि उचलून डब्याच्या कडेने हळूच आत टेकवला. पिल्लू फुसफुसलं. एकदा चावलं, दोनदा चावलं. हात तसाच. अंगठ्याशी रक्ताचे दोन ठिपके आले. बाबांना मात्र भलतीच मौज वाटत होती. "मुंगी चावल्यावानी बी नाही लागत!" तिसऱ्यांदा त्याने मान मागे घेतली आणि मग तसंच थांबलं. थोड्या वेळाने जीभ बाहेर काढून बोटांचा वास घेऊ लागलं. पाच-सात मिनिटांनी मी हात काढून घेतला, चांगला धुऊन औषध लावलं.

मग ते रोजचंच झालं. पिल्लाने खाल्ल्यानंतरचे दोन दिवस सोडायचे, बाकी रोज ऑफिसातून आल्यावर हात धुवायचे आणि बाबांचा हात आत ठेवायचा. चौथ्या-पाचव्या दिवशी पिल्लू त्यांच्या मनगटावर चढलं. त्याच्या दुसऱ्या दिवसापासून मी माझा हात त्यांच्या हाताला लागून ठेवायला लागले. एकदा चावलं मला. "थांब! ओढू नको," बाबा म्हणाले. मी डोळे गच्च मिटून घेतले, पण ओढला नाही. डोळे उघडले तेव्हा पिल्लू बाबांच्या करंगळीवरून माझ्या तळहातावर येत होतं. सुकं, थंडगार, वजनच नसलेलं.

कामठीची आत्या बाबांना भेटायला यायची ती अंगणातच बसायची आणि खिडकीतून बोलायची. बाबा तिला चिडवायचे, "आत ये ना वं. तुह्यापेक्षा शांत हाय थे."

आता तो साप चार फुटांचा झालाय, गरीब आहे, कुणाच्याही हातात जातो. बाबांना जाऊन दोन वर्षं झाली. त्या हिवाळ्यातली एक सकाळ मला फार आठवते. मध्येच पिल्लाचे डोळे दुधाळ झाले होते आणि ते पुन्हा चावायला लागलं होतं. सगळी मेहनत वाया गेली, असं मी म्हणाले. बाबांनी समजूत घातली, "त्याले दिसून नाही राहिलं, म्हणून भेते. राहू दे."

मग त्या सकाळी मी स्वयंपाकघरात माझा जेवणाचा डबा भरत होते, तर समोरच्या खोलीतून बाबांची हाक आली. गेले. पिल्लाने अख्खी कात टाकली होती. बाबा तासाभरापासून एकटेच बघत होते. मधेच हाक मारली तर ते दचकेल म्हणून गप्प राहिले होते. त्यांनी ती कात खिडकीतल्या उन्हात धरायला लावली. डोक्याच्या जागी दोन पारदर्शक टिकल्या चमकत होत्या.

"डोळ्याची बी निघते काय वं?" त्यांनी विचारलं.

"हो बाबा, डोळ्यांचीसुद्धा."

"पहाय बरं," ते म्हणाले, आणि उजव्या हाताने कात मागून घेतली. आम्ही ती उलटीसुलटी करून पाहत बसलो. त्या दिवशी मला ऑफिसला बराच उशीर झाला.