जिन्याखालची साक्षीदार

न्यायालयात आलेल्या प्रत्येकाचं म्हणणं ऐकून घेतल्याशिवाय निकाल होत नाही. हे वाक्य मी नव्या वकिलांच्या स्वागताला, कायदेविषयक शिबिरांत आणि एकदा एका शाळेच्या बक्षीस समारंभात बोललेलो आहे. वाक्य खरं आहे. फक्त 'आलेल्या' म्हणजे कितव्या मजल्यापर्यंत आलेल्या, हे त्यात सांगितलेलं नाही.

पनवेलला मी अतिरिक्त सत्र न्यायाधीश होतो. खून, दरोडा, खुनाचा प्रयत्न असे खटले माझ्यापुढे चालत. त्या सोमवारी माझ्या टेबलावर सहीसाठी एक अजामीनपात्र वॉरंट तयार होतं. सोमी काळू वाघमारे, राहणार शिरढोणजवळची कातकरवाडी. तिला सहा वेळा समन्स बजावलं होतं, सहाही वेळा तिचा अंगठा घेतला होता, आणि सहाही तारखांना रोजनाम्यात 'साक्षीदार गैरहजर' अशी नोंद होती. यातल्या चार नोंदींखाली माझी सही होती. आता पोलिसांनी तिला पकडूनच आणायचं, एवढाच मार्ग उरला होता.

सोमी आरोपी नव्हती. आरोपी होता भिवा, तिच्याच वाडीतला, वीटभट्टीवर माती मळणारा. त्यानं भट्टीच्या मुकादमाच्या डोक्यात फावडं घातलं, असा आरोप होता. गुन्हा नोंदला होता खुनाच्या प्रयत्नाचा. घडलेलं पाहणारी एकटी सोमी. भिवाला जामीन मंजूर झाला होता, पण जामीन राहायला नावावर काहीतरी असलेला ओळखीचा माणूस लागतो. भिवाच्या ओळखीत कुणाच्या नावावर काही नव्हतं. त्यामुळे तो दोन वर्षं आठ महिने तुरुंगात होता.

एवढा वेळ का लागला, असं लोक विचारतात. आधीच्या न्यायाधीशांची बदली झाली. मग काही महिने सरकारी वकिलांची जागा रिकामी होती. मग कुणीतरी मोठं माणूस विमानतळ बघायला आलं, तेव्हा आरोपीला तुरुंगातून आणणारे पोलीस बंदोबस्ताला गेले. साक्षीदारांना शोधून कोर्टात उभं करणारा हवालदारही याच कारणानं तीनदा बदलला. प्रत्येक कारण कागदावर रास्त होतं. मी ती सगळी वाचली आहेत, काही लिहिलीही आहेत.

सोमवारी गाडीतच अलिबागहून प्रधान जिल्हा न्यायाधीशांचा फोन आला. हे आमचे वरिष्ठ.

"ती वीटभट्टीची केस अजून आहे का हो तुमच्याकडे?"

"आहे सर. साक्षीदार येत नाही."

"जुन्या केसेसच्या यादीत ती पहिल्या पानावर आलीय. तुमचं नाव शेजारीच आहे."

"आज वॉरंट काढतोय, सर."

"काढा. आणि निकाल लागला की कळवा. मध्ये काही कळवू नका."

कोर्टात पोचलो तर न्यायाधीशांची लिफ्ट बंद होती. न्यायाधीश मागच्या बाजूनं येतो, वेगळ्या लिफ्टनं वर जातो, चेंबरच्या दारातून थेट व्यासपीठावर उगवतो. लोक ज्या जिन्यानं येतात, तो मी पनवेलला आल्यापासून पाहिलेला नव्हता. कायद्यानं मनाई नव्हती. गरज पडली नव्हती, इतकंच.

पहिल्याच पायरीशी, भिंतीला टेकून, एक बाई बसली होती. साठीची असेल. मांडीवर भाकरीचं फडकं, हातात घडी पडून पडून मऊ झालेले पाच-सहा कागद. वरच्या कागदावर माझी सही होती. स्वतःची सही माणसाला कुठल्याही अंतरावरून दिसते. खाली खटल्याचा नंबर होता, तोही पाठ झालेला.

तिला तिथेच विचारावंसं वाटलं. पण खटल्यातल्या साक्षीदाराशी न्यायाधीशानं कोर्टाबाहेर एक शब्दही बोलायचा नसतो. मी तिच्या शेजारून दोन मजले चढून गेलो. चढताना दम लागला आणि आणखीही काही लागलं.

अकराला शिपाई म्हात्रे पुकारा द्यायला निघाले. पुकारा म्हणजे कोर्टाच्या दारात उभं राहून नावाची तीनदा हाक मारायची. म्हात्रे उरणकडचे, आवाज खणखणीत.

"म्हात्रे, आज पुकारा खाली जिन्यात द्या."

"खाली, साहेब? पुकारा दारात देतात."

"का?"

म्हात्र्यांनी थोडा विचार केला. "दारातच देतात, साहेब."

"आज खाली द्या. नाव नीट, सावकाश."

म्हात्रे जिना उतरून गेले. पाच मिनिटांनी सोमी दारात उभी होती. चपला तिनं बाहेर काढल्या होत्या. सरकारी वकील देशमुखबाई माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांच्या हातात वॉरंटचा अर्ज होता. त्यांनी तो फाइलखाली सरकवला.

शपथ झाल्यावर मी विचारलं, "सहा वेळा बोलावलं. आला का नाहीत?"

"आली ना साहेब. सगल्या तारखा केल्या मी."

"सगळ्या?"

"सगल्या. पयल्या दिवशी पोलीस बोलला, हितं बस, बोलावतील. मी बसायची. दुपारला लोकं खाली उतरत. मी इचारायची, काय झाला? ते बोलत, तारीख झाली. मंग मी घरी जायची."

"पण साक्ष कुठे झाली तुमची?"

ती गोंधळली. "तारीख झाली बोलले ना? मना वाटला, तीच."

तिचं म्हणणं बरोबर होतं. आमच्याकडे येणारा प्रत्येक माणूस घरी जाताना 'तारीख झाली' असंच सांगतो. त्यापेक्षा वेगळं इथे काही होत असेल, हे तिला कुणी दाखवलंच नव्हतं. ती सहा वेळा मजुरी बुडवून, आपलं काम चोख करून परत गेली होती. काम आमचं राहिलं होतं.

भिवा तुरुंगातून व्हीसीवर होता, म्हणजे समोरच्या पडद्यावर. देशमुखबाईंनी विचारलं, "यांना ओळखता?"

सोमी पडद्याजवळ गेली. "भिवा, बारीक झालास रं."

पडद्यावरून आवाज आला, "बरा हाय, काकी."

हे मी रेकॉर्डवर घेतलं नाही. ओळखलं, एवढं घेतलं.

मग तिनं सांगितलं. मुकादमानं भिवाला मागून लाथ घातली. भिवा चिखलात पडला. उठला तो हातात फावडं घेऊनच. आरोपीचे वकील उलटतपासणीला उभे राहिले.

"फावड्याच्या पात्यानं मारलं की दांड्यानं?"

"दांड्यानं."

"नक्की?"

"पात्यानं मारला असता तं मुकादम उठला असता का?"

"मग तो उठला?"

"उठला ना. उठून शिव्या दिल्या. मंग डोक्याला फडका बांधला नि परत दिल्या."

सगळी साक्ष चाळीस मिनिटांत संपली. खटला अडकला होता तो या चाळीस मिनिटांसाठी. पातं की दांडा, यावर खुनाचा प्रयत्न की साधी मारहाण हे ठरणार होतं. जखम तपासणारे डॉक्टर आता दुसऱ्या जिल्ह्यात होते. त्यांना मी व्हीसीवर घेतलं. त्यांनीही बोथट वस्तूची एकच जखम असल्याचं सांगितलं. देशमुखबाईंनी एकही मुदत मागितली नाही. तपास अधिकारी बंदोबस्ताला होते. मी त्यांच्या वरिष्ठांना पत्र लिहिलं. पत्राची भाषा सभ्य होती, पण ते दुसऱ्या दिवशी हजर झाले.

नवव्या दिवशी मी निकाल दिला. खुनाचा प्रयत्न सिद्ध होत नाही, हत्यारानं दुखापत सिद्ध होते. शिक्षा सहा महिने. त्याच्या पाचपटीहून जास्त कैद भोगून झालेली, म्हणून ताबडतोब सुटका. अलिबागला कळवलं. साहेब म्हणाले, "छान." नोकरीत त्यांच्याकडून ऐकलेला हा माझा एकमेव 'छान'. तो मी जपून ठेवला आहे.

म्हात्रे त्या दिवसापासून रोज दोनदा पुकारा देत, एकदा दारात, एकदा जिन्यात. आधी त्यांनी गुडघ्यांची तक्रार केली. मग शेजारच्या कोर्टाचे शिपाईही जिन्यात येऊ लागले, तेव्हा ही पद्धत आपणच काढल्याचं ते सांगू लागले. मी खोडून काढलं नाही. मला त्यातून एवढंच कळलं, की दिरंगाईवर अहवाल लिहिण्याआधी न्यायाधीशानं आपल्या इमारतीत पुढच्या दारानं एकदा शिरून बघावं.

निकालाचं मात्र श्रेय मी कुणाला देत नाही. ते एकतीस पानांचं लिखाण माझं आहे, आणि मला त्याचा अभिमान आहे. गरीब माणसाच्या स्वातंत्र्याबद्दल त्यात तीन परिच्छेद आहेत. ते मी भर कोर्टात, चष्मा दोनदा पुसून, सावकाश वाचले. निकालासाठी तुरुंगातून समक्ष आणलेला भिवा हात जोडून ऐकत होता. कायद्याप्रमाणे निकालाची एक प्रत आरोपीला मोफत आणि लगेच द्यावी लागते. त्यानं अंगठा उठवला, प्रत दोन्ही हातांनी घेतली आणि कपाळाला लावली.

निकाल इंग्रजीत होता.