अप्पांच्या ओळींसाठी एडिटर

माझ्या वडिलांनी, अप्पांनी, उभा जन्म शेवगावच्या बाजारात कांद्याचा लिलाव पुकारला. ढिगाजवळ उभं राहून त्यांनी आवाज टाकला की पार गेटाबाहेरच्या टेम्पोवाल्याला ऐकू जायचा. दोन वर्षांपूर्वी घशात गाठ निघाली, स्वरयंत्र काढावं लागलं. जीव राहिला, आवाज गेला.

चहा-पाणी मागायला त्यांच्याकडे पाटी होती. पण पाटी पुसावी लागते, आणि अप्पांना तर बोलायचं होतं लई. मोबाईल त्यांना नकोच. त्यात लोक सकाळी फुलं पाठवतात नि दिवसभर अंगठे दाखवतात, असं त्यांचं मत. मग माझा जुना लॅपटॉप त्यांना गावी, तिसगावला दिला. नवीन विंडोज त्याला पेलवेना, म्हणून आमच्या ह्यांनी विंडोजच्या जागी हलकं लिनक्स टाकलं, बटणांवर मराठी अक्षरं चिकटवली. अप्पा एका बोटानं जुन्या आठवणी टाईप करू लागले.

मेल त्यांना जमेना. गावचा टेम्पो आमच्या भिंगारला भाजी घेऊन येतो, त्यातून औषधाच्या डबीत पेनड्राईव्ह यायचा. मी त्यातच अप्पांच्या मजकुराखाली माझं उत्तर लिहून परत धाडायची. फाईल एकच, नाव एकच. अप्पांचा नियम लिलावातला होता: नवा भाव आला की जुना मेला. आलेली फाईल ते जुनीवर टाकायचे, मागची ठेवायचे नाहीत. मीही ठेवायची नाही.

घोळ वेगळाच झाला. अप्पा प्रत्येक वाक्य नव्या ओळीवर लिहीत, आणि माझ्या घरच्या कॉम्प्युटरच्या जुन्या विंडोजवर ते सगळं एका ओळीत जोडून यायचं, आडवं सरकवून सरकवून मान दुखायची. मी आधीच तापट. खाली खरडायची, "अप्पा, ओळी पाडा की!" ते लिहायचे, "पाडतोय, बाई. तुला का दिसंना?" दोघंही आपापल्या जागी खरे होतो. लिनक्स ओळीचा शेवट एका खुणेनं लिहितं, विंडोज वेगळ्या, आणि माझ्या साध्या नोटपॅडला ती खूण वाचताच येत नव्हती. हे मला फार नंतर कळलं.

आमच्या ह्यांना माझी कटकट बघवेना. एका दुपारी त्यांनी सगळा मजकूर नव्या पानावर घेतला, बसून हातानं एकेक ओळ तोडली, आणि त्याच नावानं पेनड्राईव्हवर ठेवला. ठेवताना इंग्रजीत एक चौकट आली. आमच्या घरात इंग्रजी चौकट आली की ओके दाबायचं, वाचत कोण बसतंय? चौकट सांगत होती की असं ठेवलंत तर ही मराठी अक्षरं जातील, थांबा. ह्यांनी ओके दाबलं.

टेम्पोनं पेनड्राईव्ह तिसगावला नेला. अप्पांनी नेमाप्रमाणे फाईल जुनीवर टाकली नि उघडली. पानंच्या पानं नुसती प्रश्नचिन्हं. डबी परत आली ती चिठ्ठी घेऊन: "एवढे प्रश्न मी कुनाला इचारले?"

मी ह्यांना नको नको ते बोलले. ते बिचारे म्हणाले, "अगं, ओके म्हणजे ठीकच ना?" अक्षरं परत येत नाहीत हे तोवर चौकशी करून कळलं होतं. पुढं टेम्पोतून नुसती मेथी नि वांगी येऊ लागली, डबी येईना. फोन केला की आई म्हणायची, "त्यांनी लॅपटॉपवर टॉवेल टाकून ठेवलाय." मला भीती बसली. आवाज एकदा गेला होता, आता माणूस कायमचा गप्प होतो की काय!

मग मी दुसरा एडिटर, म्हणजे लिहायचा प्रोग्राम, शोधायला बसले. एक ऑफिसातल्या बाईनं सुचवला, तो अप्पांच्या प्रत्येक शब्दाखाली लाल रेघ मारायचा. हा कोण अप्पांना चुका दाखवणारा? दुसरा पत्रिका छापण्याइतका सजवणारा, नाकापेक्षा मोती जड. तिसरा झकास होता, पण फक्त विंडोजवर चालायचा. शेवटी एक साधा, फुकटातला सापडला. दोन्हीकडे सारखाच दिसे, ओळ कुठल्याही खुणेनं संपलेली असो, ती ओळखे, काही न विचारता मराठी मराठीतच ठेवे, आणि मागची प्रत आपणहून बाजूला राखे. अक्षर पाहिजे तेवढं मोठं करता येई.

रविवारी घाट ओलांडून तिसगावला गेले. टॉवेल काढला, एडिटर बसवला. अप्पांनी पाटी घेतली: "परत तेच कोन बोलनार?"

"मी बोलते," म्हटलं. "मला जेवढं आठवतंय तेवढं सांगते. तुमी लिहा."

मी सांगू लागले. विहिरीचं, लाल बैलाचं, अप्पा आईला बघायला गेले तेव्हा पोहे नरम पडल्याचं. अप्पा एका बोटानं टाईप करत, मधेच मान हलवून माझं वाक्य खोडत, "आसं न्हवतं" म्हणून त्यांचं घालत. आई दारातून ऐकत हसत होती. मग माझं सांगणं संपलं, तरी अप्पांचं बोट थांबेना. ह्या ओळी आधी कधीच आलेल्या नव्हत्या.

"आपरेशनला आत न्यायच्या आधी शेवटचा फोन तुलाच लावला हुता.

काय बोलावं कळंना. म्हनून कांद्याचा भाव सांगितला.

तू म्हनाली, अप्पा, कामात हाय, मागून बोलू."

मला रडू आवरेना. तो फोन आठवत होता, पण भाव काही केल्या आठवेना. अप्पांना विचारला. त्यांनी टाईप केलं नाही. बाजारात करायचे तसा हात वर केला आणि नुसत्या ओठांनी पुकारला, एकदा, दोनदा, तीनदा. मी ओठांवरून वाचलेला भाव त्यांच्या ओळीखाली टाईप केला. अप्पांनी वाकून बघितला आणि बरोबर म्हणून मान हलवली.