‘येऊन जा’चा फोन

पुण्याला निघाले त्या सकाळी उदगीरच्या स्टँडवर मला सोडायला तिघं आले होते: आप्पा, आई आणि आमचा कुत्रा टिप्या. टिप्याला कुणी बोलावलं नव्हतं. तो ऑटोमागं पळत आला आणि एसटीच्या पायरीवर चढून बसला. कंडक्टर म्हणाला, "ह्याचं अर्धं तिकीट काढू का?" मी हसले आणि मग रडले. आईबापाला सोडताना माझ्या डोळ्यांत टिपूस नव्हतं, हे आई अजून विसरलेली नाही.

आप्पांनी त्याला खाली ओढलं. त्या दोघांचं कधी जमलंच नाही. आमचं घर लिंगायतांचं. आप्पांची सकाळची पूजा होईस्तोवर कुणी मोठ्यानं बोलायचं नाही, आणि टिप्या नेमका तेव्हाच भुंकणार. "कुत्र्यानं उंबऱ्याच्या भायेर ऱ्हावं," हे आप्पांचं ठरलेलं वाक्य. माझ्यामागं त्याला कोण बघणार, हीच काळजी घेऊन मी पुणं गाठलं. नव्या नोकरीची धास्ती त्यानंतर.

इथं कुत्र्यांची चंगळ आहे. त्यांना स्वेटर असतात, त्यांच्या वाढदिवसाला केक कापतात. मी सोसायटीबाहेरच्या चार बेवारशांना रोज सकाळी खाऊ घालते आणि कमिटीच्या ग्रुपवर माझा रोज उद्धार होतो. होऊ दे. ऑफिसच्या बॅगेत डब्याशेजारी बिस्किटांचा पुडा नसला तर मला चुकल्यासारखं वाटतं. एकदा टिप्यासाठी चांगल्यातलं डॉग फूड धाडलं. पाकिटावर कोंबडीचं चित्र बघून आईनं ते चिमट्यानं उचललं आणि शेजारी देऊन टाकलं. तो आपला भाकरी-दुधावरच राहिला.

फोनवर मी विचारायची, "टिप्या कसा आहे?" आप्पा म्हणायचे, "हाय की." आणि फोन आईकडं द्यायचे.

मग गेल्या येळवशीनंतर, म्हणजे वेळ अमावास्येच्या सणानंतर चौथ्या दिवशी, सकाळीच, आप्पांचा फोन आला. ते स्वतःहून कधी फोन करत नाहीत. "पोरी, टिप्याची तब्येत जरा बरी न्हाई. सवड आसंल तर येऊन जा."

तुम्हीही गाव सोडलं असेल तर या वाक्याचा अर्थ तुम्हाला सांगायला नको. आमच्याकडं परगावच्या लेकराला मरणाची बातमी फोनवर देत नाहीत. जरा बरं नाही म्हणतात, येऊन जा म्हणतात. आज्जा गेले तेव्हा मला असाच फोन आला होता, आणि पोचले तर दारात चपलाच चपला.

मी काही विचारलं नाही. विचारायचं नसतं. साहेबांना घरी अडचण आहे म्हणून सांगितलं आणि मिळेल ती एसटी धरली. लातूर येईपर्यंत रडून घेतलं. शेजारच्या बाईंनी विचारलं, "कोण गेलं गं?" मी म्हटलं, "घरातलं." लातूरच्या पुढं राग आला. पुरला तरी असेल का नीट, की ओढून टाकला असेल कुठं? कुत्र्यासाठी दारात चपला जमत नाहीत, त्यामुळं गल्लीत शिरल्यावरही काही कळेना.

दार उघडंच होतं. उंबऱ्याच्या आत, सोप्यात, आप्पांच्या जुन्या धोतरावर टिप्या पडला होता. आप्पा शेजारी बसून चमच्यानं त्याला ताक पाजत होते. मला बघून टिप्यानं शेपूट दोनदा आपटलं आणि तोंड परत चमच्याकडं वळवलं.

मी तिथंच खाली बसले आणि हंबरडा फोडला.

"आगं, रडतीस कशाला? म्हन्लं न्हवतं का, जरा बरी न्हाई म्हनून?"

आईनं सगळं सांगितलं. येळवशीला सगळी शेतात जेवायला गेलेली. तिथं आप्पांनी टिप्याला बाजरीच्या पिठाचे वाफवलेले सात उंडे चारले, वर मिसळभाजीची भज्जी. "म्या चारच बास म्हन्लं तर ह्यांनी सात चारले. वर म्हन्तेत, वरसाचा सन हाय, खाऊ दे." त्याचं पोट बिघडलं. दोन दिवस त्यानं काही खाल्लं नाही, तर आप्पाही नीट जेवले नाहीत. डॉक्टरांनी सुई दिली तेव्हा त्याला आप्पांनीच धरलं होतं.

मी काय समजून आले ते सांगितल्यावर आप्पांनी चमचा खाली ठेवला आणि ताकाचा तांब्या माझ्याकडं सरकवला. मला आधी वाईट वाटलं, टिप्या आता माझा राहिला नाही म्हणून. मग इतकं हलकं वाटलं की त्या दिवशी तीन भाकरी खाल्ल्या. तीन वर्षं पोटात धरलेली काळजी गेली.

मागच्या आठवड्यात परत आप्पांचा फोन आला. "पोरी, तुज्या मायची तब्येत जरा बरी न्हाई." मी कपाटावरची बॅग खाली ओढली. तेवढ्यात ते घाईघाईनं म्हणाले, "थांब थांब, तिलाच देतो." पलीकडून आधी आईची शिंक आली आणि मग तिचा आवाज: "नुसती सर्दी झालीय गं. ह्यास्नी कोन सांगितलं फोन करायला?"

गाव म्हणजे काय, असं कुणी विचारलं तर मी आता एवढंच सांगेन: आज्जांच्या वेळचं सोडलं तर तिथं माझ्याशी कुणी खोटं बोलत नाही, पुराव्याला शिंकसुद्धा ऐकवतात.