तळव्याला लावलेलं बोट

सासूबाई गेल्याचा निरोप आला तेव्हा मी अमरावतीला, राजापेठेत भावाकडे होते. तापातून उठल्या असं वाटलं, म्हणून चार दिवस माहेरी आले होते. अंजनगावहून मोटारीने आलेला माणूस दारातच उभा राहिला, आत येईना… मी काय ते समजले. आज महिना उलटला, तरी घरात त्यांच्या वाटचा चहा टाकला जातोच.

अंजनगावला आमचा विड्याच्या पानांचा मळा. पार्वताबाईंची, म्हणजे सासूबाईंची, जीभ मोठी तिखट. मी सून म्हणून आले तेव्हा "शहरातली पोरगी पान खाईन, पण खुडीन काय?" असं त्यांनी चारचौघींत विचारलं होतं. मीही काही कमी नव्हते; आमचे खटके उडायचेच.

माझी सुशीला सातव्या महिन्यातच जन्मली. एवढीशी पोर, रडायलाही धड आवाज फुटेना. तेव्हा सरकारी ठेक्यावर अफू उघड मिळायची आणि मळ्यात जाणाऱ्या बाया लेकरांना अफूची बाळगोळी देऊनच निजवायच्या. पोर किरकिरते, सुनेचा डोळा लागत नाही, म्हणून सासूबाईंनी मायेनेच गोळीचा कण दुधात उगाळून चाटवला. दुपारी पाहते तर ओठ निळे. छाती हलायची, थांबायची… पुन्हा हलायची.

अकोल्याचे एक डॉक्टर लग्नासाठी गावात आले होते, म्हणून पोर वाचली. त्यांनी तळव्याला टिचकी मारली, तशी तिने दचकून श्वास घेतला. "मेंदूच्या देठात श्वासाचा ताल धरणारी जागा असते," ते म्हणाले. "हिची अजून कच्ची आहे, आईच्या पोटातच तयार व्हायची होती. त्यात अफू तीच जागा निजवते. श्वास थांबला की टिचकी मारा, नजरेआड करू नका."

मी संतापले होते. सासूबाई "देठ कच्चा हाय" एवढंच पुटपुटल्या आणि बाजेच्या पायथ्याशी बसल्या त्या बसल्याच. जेवायलाही उठेनात, तेव्हा मीच म्हटलं, "तुमी जेवून घ्या, मी बसते."

"मले उठवू नको, माय. म्याच निजवली, म्याच जागी ठेवीन."

माझा राग तिथेच विरला. पुढे पोरीचा श्वास आपला आपण चालू लागला, पण सासूबाईंचं बोट काही थांबलं नाही. गावात कुणाचंही तान्हं निजलेलं दिसलं की त्या तळव्याला बोट लावून पाहत. बाया चिडायच्या, "काहून उठवता वो लेकराले?"

"रडलं तं बरं," त्या म्हणत. गोळी देणारीचा तर पार उद्धार करत.

अखेरच्या दिवशी सुशीला सासरहून, अकोटहून येऊन त्यांच्यापाशी होती. श्वास अडखळू लागला, मधली जागा लांबत गेली. सुशीला पायाशी बसून तळव्याला टिचक्या मारत राहिली. एकदा डोळे उघडून त्या म्हणाल्या, "राहू दे, माय… पान पिकलं आता." हे सांगताना सुशीला ओक्साबोक्शी रडली, आणि मीही.

सध्या ती आपल्या तान्ह्याला घेऊन इथेच आहे. पाळण्यात त्याची छाती छान वरखाली होताना मला दिसते. तरी येता-जाता माझं बोट त्याच्या तळव्याकडे जातंच. ते भोकाड पसरतं, सुशीला आतून धावत येते, "आई, आत्ताच निजवलं होतं ना!"

"रडलं तं बरं," मी म्हणते.